कप निसटतो, बटण लागत नाही: फेटलिंग करणाऱ्या हातांबद्दल

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझे मिस्टर ३६ वर्षांचे आहेत. कोल्हापूरजवळ एका फाउंड्रीत ठेकेदाराकडे फेटलिंगला, म्हणजे ओतून काढलेल्या नगांच्या जादा कडा घासायला-तोडायला आहेत, १२ वर्षं झाली. दिवसभर हातात ग्राइंडर, मधून मधून चिपिंग हॅमर (हवेच्या दाबावर छिन्नी मारणारा हातोडा). दोन वर्षांपासून बोटांना मुंग्या येतात. रात्री दोन-तीनला उठून हात झटकत बसतात. चहाचा कप हातातून निसटतो, शर्टाचं वरचं बटण मीच लावून देते. डिसेंबरात सकाळी गाडीवरून फर्स्ट शिफ्टला जाताना डाव्या हाताची दोन बोटं पांढरीफटक पडली, असं एकदा म्हणाले. इथल्या डॉक्टरांनी बी-१२ ची दहा इंजेक्शनं दिली, फरक नाही. सासूबाई म्हणतात अशक्तपणा आहे, दीर म्हणतात ही अर्धांगाची सुरुवात आहे. कामावर हे कुणाला सांगत नाहीत. सांगितलं तर ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल. रविवारी पुन्हा शेतात पॉवर टिलर धरतात. काम सोडावं लागेल का? हात पूर्वीसारखे होतील का?
— एक वाचक, जि. कोल्हापूर

उत्तर :

ताई, आधी दिरांच्या शंकेचं उत्तर देते, कारण त्या भीतीने घरात कुणाला झोप लागत नसेल. अर्धांगाचा झटका अचानक येतो. तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो. असं काही झालं तर एक मिनिटही न थांबता मोठं हॉस्पिटल गाठायचं. पण दोन वर्षं हळूहळू वाढणाऱ्या मुंग्या, रात्री हात झटकल्यावर वाटणारा आराम, थंडीत पांढरी पडणारी बोटं आणि हातात १२ वर्षं ग्राइंडर, हे सगळं एकत्र वाचल्यावर मला पहिला संशय मशीनच्या थरथरीचा येतो. कंपनामुळे होणारा हातांचा हा आजार डॉक्टरी भाषेत ‘हॅन्ड-आर्म व्हायब्रेशन सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो. तपासल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही, पण तपासणी याच दिशेने सुरू व्हायला हवी.

तुमच्या डॉक्टरांवर रागावू नका. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही हीच चूक केली आहे. बधिर बोटांची तक्रार घेऊन आलेल्या एका माणसाला मी महिनोन्‌महिने जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देत राहिले. एकदा त्याच्या बाहीवर लोखंडाचा काळा कीस दिसला म्हणून विचारलं, काम काय करता? तो प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. तोवर त्याची बोटं आणखी बधिर झाली होती. म्हणून आता हाताची तक्रार घेऊन कुणीही आलं की मी नाडीच्या आधी कामाची चौकशी करते.

आता नेमकं काय होतं ते सांगते. सात इंची ग्राइंडरचं व्हील मिनिटाला साधारण ८,५०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला १४० च्या आसपास. व्हील जराही डगमगत असेल, तर सेकंदाला तितके धक्के तळहातात शिरतात. बोटांच्या टोकांना कातडीखाली स्पर्श ओळखणारी सूक्ष्म टोकं असतात. त्यातली काही तर थरथर टिपण्यासाठीच बनलेली आहेत. सुरुवातीला ती नुसती दमतात. म्हणूनच शिफ्ट सुटल्यावर मशीन बंद असूनही हातात झिणझिण्या राहतात आणि तासाभराने जातात. हे वर्षानुवर्षं चाललं की बारीक मज्जातंतूंना सूज येते, त्यांच्यावरचं मायलिनचं वेष्टन विरत जातं आणि शेवटी तंतूच्या आजूबाजूला निबर ऊती तयार होते. मग झिणझिण्या जात नाहीत. पुढे त्यांची जागा बधिरपणा घेतो. बटण लागत नाही ते बोटांत जोर नाही म्हणून नव्हे, बटण बोटांना ‘दिसत’ नाही म्हणून. कप निसटण्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. किती घट्ट धरलंय हे कळायला स्पर्श लागतो.

दुसरा मार रक्तवाहिन्यांवर बसतो. थंडी लागली की त्या एकदम आकसतात आणि बोट पेराच्या रेषेपर्यंत पांढरं पडतं. ऊब मिळाली की निळसर, मग लालबुंद होतं आणि ठणकतं. थंडीने बोटं अशी पांढरी पडण्याचं वर्णन फ्रान्समध्ये मॉरिस रेनो यांनी १८६२ साली केलं. त्याचा हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याशी असलेला संबंध ठळकपणे दाखवला तो अमेरिकेच्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी. १९१८ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात त्या इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणभागात गेल्या आणि दगड घडवणाऱ्या कामगारांचे हात त्यांनी स्वतः पाहिले. छिन्नी धरणारा डावा हात उजव्यापेक्षा जास्त बिघडलेला त्यांना आढळला. तुमच्या पत्रातली ‘डाव्या हाताची दोन बोटं’ वाचली तेव्हा मला तेच आठवलं. चिपिंग करताना छिन्नीला आधार कोणता हात देतो, ते मिस्टरांना विचारून ठेवा.

इथे एक गोष्ट आपल्याकडच्या डॉक्टरांनीही लक्षात घ्यायला हवी. थंड देशांत हा आजार ‘पांढऱ्या बोटांचा’ म्हणून ओळखला जातो. जपानमध्ये चेनसॉ चालवणाऱ्या जंगल कामगारांत तो इतका पसरला की तिथे त्याला पांढऱ्या मेणाचा आजार असंच नाव पडलं. उष्ण हवेत बोटं पांढरी पडण्याचं प्रमाण फार कमी दिसतं आणि तक्रार मुख्यतः मुंग्या नि बधिरपणाची असते. त्यामुळे ‘बोटं पांढरी पडत नाहीत ना, मग काही नाही’ असं म्हणून मार्च ते ऑक्टोबर कुणालाच परत पाठवता कामा नये. तुमच्या मिस्टरांना तर कोल्हापूरच्या थंडीतही बोटं पांढरी पडलेली दिसली आहेत. पुन्हा कधी तसं झालं तर लगेच मोबाइलवर फोटो काढा. दवाखान्यात पोचेपर्यंत बोटं पूर्ववत झालेली असतात आणि डॉक्टरांना दाखवायला काहीच उरत नाही. तो एक फोटो दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

रात्री उठून हात झटकणं हे मात्र आणखी एका गोष्टीचं लक्षण असू शकतं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून हाताची मुख्य नस जाते. ती तिथे दाबली गेली की अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग एवढ्यातच मुंग्या येतात, करंगळी सुटते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. कंपन आणि घट्ट पकड या दोन्हींमुळे तोही होतो आणि एकाच माणसात दोन्ही आजार असू शकतात. फरक महत्त्वाचा आहे, कारण मनगटातली दाबलेली नस पट्ट्याने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने मोकळी करता येते. बोटांच्या टोकांना झालेल्या इजेवर तसा उपाय नाही.

म्हणून तुम्ही एक काम करा. कोऱ्या कागदावर त्यांचे दोन्ही तळहात ठेवून पेन्सिलने कडा काढा. जिथे मुंग्या येतात तिथे एका रंगाने, जिथे बधिर आहे तिथे दुसऱ्या रंगाने भरा. पांढरं पडतं ते पेर दाखवा. खाली तारीख घाला. मग त्यांना डोळे मिटून खिशातलं एक आणि दोन रुपयांचं नाणं ओळखायला सांगा, ताटात सांडलेले तांदळाचे दाणे एकेक उचलायला सांगा आणि काय जमलं ते त्याच कागदावर लिहा. दोन महिन्यांनी नवा कागद घेऊन हेच परत करा.

तपासणीसाठी मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे किंवा आधी चांगल्या फिजिशियनकडे जा. मिस्टरांकडे ईएसआयचं (कामगार राज्य विमा) कार्ड असेल तर तिथूनच सुरुवात करा. ठेकेदाराकडच्या कामगारांचाही ईएसआय कापला जात असतो, पगाराच्या चिठ्ठीवर पाहा. रक्तात साखर, थायरॉइड आणि बी-१२ बघायला हवं. बी-१२ खरंच कमी असेल तर इंजेक्शन योग्यच, पण ते आधी मोजायला हवं होतं. मानेची तपासणी हवी. दारूची सवय असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, तिनेही नसा बिघडतात. आणि आपल्या भागात कुष्ठरोगाचा विचार टाळून चालत नाही. अंगावर कुठे स्पर्श न कळणारा फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, कोपराच्या आतल्या बाजूची नस जाड लागते का, हे डॉक्टरांनी पाहायलाच हवं. तसं निघालं तरी घाबरायचं कारण नाही. सरकारी दवाखान्यात त्याचे औषधोपचार मोफत आहेत आणि तो बरा होतो.

बहुतेक ठिकाणी एनसीव्ही तपासणी सांगतील, म्हणजे नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ते मोजणं. मनगटातली नस दाबली आहे का हे त्यात चांगलं कळतं. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं समजू नका. इजा अगदी बोटांच्या टोकांना असेल तर ही तपासणी ती हुकवू शकते. ट्यूनिंग फोर्क आणि बारीक नायलॉनच्या धाग्याने स्पर्श तपासायला सांगा. साध्या गोष्टी आहेत, पाच मिनिटं लागतात आणि पुष्कळ सांगून जातात.

आता तुमचा खरा प्रश्न, हात पूर्वीसारखे होतील का. ताई, याचं उत्तर गोड करून देणं मला पटत नाही. बोटं पांढरी पडणं मशीन सुटल्यावर काही वर्षांत कमी होऊ शकतं, विशेषतः माणूस तरुण असेल आणि तंबाखू बंद केली तर. बधिरपणाचं तसं नाही. गेलेला स्पर्श बहुतेक वेळा परत येत नाही आणि तो परत आणणारी गोळी किंवा इंजेक्शन नाही. पण सुरुवातीच्या पायरीवर कंपन थांबवलं तर बिघाड तिथेच थांबतो, काहींना सुधारणाही जाणवते. त्यांना आज बटण लावायला त्रास होतो. असंच चालू राहिलं तर काही वर्षांनी स्क्रू, चावी, कॅलिपर धरणंही अवघड होऊ शकतं आणि तेव्हा फेटलिंगच काय, दुसरं कुठलंही हातकाम मिळणं कठीण होईल. म्हणून मी या पत्राला नेहमीपेक्षा मोठं उत्तर देते आहे.

काम आजच सोडा असं मी म्हणत नाही. घर कशावर चालतं ते मला कळतं. पण ट्रिगर दाबलेली मिनिटं कमी व्हायलाच हवीत. हा हिशेब त्यांना समजावून सांगा, ते कारागीर आहेत, पटकन समजेल. कंपन मोजतात ते मीटर प्रति सेकंद वर्ग या मापात. युरोपने २००२ साली नियम केला आणि ब्रिटनने २००५ मध्ये तो आपल्या कायद्यात घेतला. त्यानुसार आठ तासांच्या दिवसाची सरासरी २.५ च्या वर गेली की मालकाने उपाय सुरू करायचे आणि ५ च्या वर तर जाऊच द्यायची नाही. समजा ग्राइंडरचं कंपन ५ आहे. मग २ तासांत पहिली रेषा ओलांडली जाते. तोच ग्राइंडर झिजून, व्हील डगमगून १० वर गेला तर पहिली रेषा अर्ध्या तासात आणि शेवटची मर्यादा २ तासांत येते. कंपन दुप्पट झालं की वेळ चौथाईवर येतो. चिपिंग हॅमर १५ चा धरला तर जेमतेम १३ मिनिटांत पहिली रेषा आणि ५३ मिनिटांत शेवटची. मशीनच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो, पण प्रत्यक्ष कामात कंपन त्याहून जास्त असू शकतं. त्यांनी एक दिवस मोबाइलवर नुसतं मोजावं, की ग्राइंडर किती मिनिटं खरोखर चालू होता आणि चिपिंग किती. नगावर पैसे मिळत असतील तर हा आकडा ऐकून तुम्हीच हबकाल.

मग कमी कसं करायचं? व्हील बसवल्यावर डगमगत असेल तर ते चढवू नये. बेअरिंग वाजायला लागलं की मशीन बदलून मागावं, छिन्नी बोथट झाली की लगेच धार लावून घ्यावी. बोथट हत्यार जास्त दाबावं लागतं आणि जितकी घट्ट पकड तितकं कंपन हातात शिरतं. मशीनचं वजन स्प्रिंग बॅलन्सरवर (वजन पेलणाऱ्या वरच्या स्प्रिंगवर) टांगलेलं असेल तर पकड सैल ठेवता येते. सलग तासभर ग्राइंडर चालवण्याऐवजी वीस मिनिटं ग्राइंडिंग, मग कास्टिंग (ओतलेला नग) उचलणं-लावणं-तपासणं, मग पुन्हा ग्राइंडिंग, अशी अदलाबदल साथीदाराबरोबर ठरवता येते. हवेवर चालणाऱ्या हत्याराची बाहेर पडणारी हवा गार असते, ती हातावर येऊ देऊ नये. ‘अँटी-व्हायब्रेशन’ म्हणून विकले जाणारे जाड हातमोजे कुणी आणून दिले तर त्यावर विसंबू नका, हाताच्या हत्यारांचं कंपन त्यांनी फारसं अडत नाही. मोजे घालायचे ते ऊब राहावी आणि कापू-भाजू नये म्हणून, आणि ते इतके जाड नकोत की पकड आणखी आवळावी लागेल.

खरा मोठा फरक मात्र फेटलिंगच्या आधीच पडतो. साचा आणि कोअर (नगाच्या आतली पोकळी घडवणारा गाभा) नीट बसले तर पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे, फ्लॅश (बाहेर आलेली जादा धातूची कड) कमी येतो आणि घासायलाच कमी उरतं. हे मालकाच्या हातात आहे आणि त्यात त्याचाही पैसा वाचतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना धातूचं ज्ञान शिकवायला मी कोण, पण हा मुद्दा त्यांच्या मीटिंगमध्ये एकदा तरी निघायला हवा असं मला फार वाटतं.

सांगायचं कसं, ही तुमची मोठी अडचण आहे. त्यांनी एकट्याने ठेकेदाराकडे जाऊ नये. फेटलिंगला दहा जण असतील तर त्यातल्या आणखी काही जणांच्या हातांची हीच गोष्ट असण्याची शक्यता मोठी आहे, फक्त कुणी बोलत नाही. आधी त्यांनी आपापसात बोलावं, मग मिळून कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरकडे जावं. डॉक्टरांकडून लेखी घ्या की कंपनाचं काम मर्यादित ठेवावं, दुसरं काम देता येईल. नुसतं ‘विश्रांती घ्यावी’ असं लिहून घेऊ नका, त्याचा अर्थ ठेकेदार ‘घरी बस’ असा लावतो. वार्षिक तपासणीत कान, डोळे, छाती बघतात, तेव्हा हातही तपासा म्हणून मागणी करा. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही डॉक्टर असतात. कंपनीत कुणी ऐकलंच नाही तर तिथे अर्ज करता येतो. कोअर शॉप किंवा तपासणीच्या कामावर बदली झाली तर पगार थोडा कमी होऊ शकतो, हे धरून चला आणि त्याचा हिशेब दोघांनी बसून आत्ताच करा.

पॉवर टिलर मात्र या रविवारपासून दिरांच्या हातात द्या. त्याच्या दांड्यांची थरथर ग्राइंडरपेक्षा कमी नसते. सहा दिवस मार खाल्लेल्या नसांना सातव्या दिवशी तरी सुटी मिळाली पाहिजे. लांबचा प्रवास मोटारसायकलऐवजी कंपनीच्या बसने होत असेल तर तेही बघा, नाहीतर हिवाळ्यात आतून लोकरी आणि वरून वारा अडवणारे मोजे, आणि अंगात स्वेटर. फक्त हात झाकून भागत नाही, अंग गार पडलं तरी बोटांचं रक्त आटतं. तंबाखू, बिडी, मिश्री, जे असेल ते सोडायला हवं, कारण निकोटिनने त्याच आकसलेल्या वाहिन्या आणखी आकसतात. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा, काही गोळ्यांनी बोटं जास्त गार पडतात. पांढऱ्या बोटांसाठी वाहिन्या सैल करणारी औषधं असतात, ती डॉक्टर ठरवतील. मेडिकलमधून आपल्या मनाने काही आणू नका.

बधिर हाताला चटका लागलेला कळत नाही. म्हणून रोज संध्याकाळी हात धुतल्यावर तुम्ही स्वतः त्यांची बोटं उजेडात पाहा. बोटाच्या टोकाला काळं पडलं, जखम भरत नाही, पांढरं झालेलं बोट ऊब देऊनही तासाभरात पूर्ववत होत नाही किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट व्हायला लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता दवाखान्यात जा.

सासूबाईंना सांगा, अशक्तपणा नाही. त्यांच्या हातचं खाऊन मुलाची तब्येत ठणठणीत असेल, पण हे दुखणं पोटातून आलेलं नाही. आणि हातांचे ते दोन कागद, आजचा आणि दोन महिन्यांनंतरचा, मला या सदराच्या पत्त्यावर पाठवा. नाव घालू नका, नुसतं ‘फेटलिंग, कोल्हापूर’ लिहिलं तरी मला कळेल.